डोंगरामागचे चौदा चौकोन

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या बुधवारी सकाळी साडेनऊला ऑफिसातला काळा फोन वाजला, तेव्हा फुलीबाई दातांत पेन्सिल धरून केस बांधत होत्या.

"घे गं नवे," त्या दातांमधूनच म्हणाल्या.

मी उचलला. "पर्जन्य विभाग."

"तुझी बाई आहे का जागेवर, की झोपली टेबलावर डोकं टेकून?"

हा आवाज ओळखायला नाव लागत नसे. धरणाचे पाचही दरवाजे ज्याच्या ताब्यात होते तो माणूस, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि बाई सोळाच्या. त्याला वाढवायचं म्हणून बाईंनी लग्न केलं नाही, असं ऑफिसात सगळे म्हणत. बाई स्वतः म्हणत, "मला कुणी विचारलंच नाही. उगाच त्या पोराच्या नावावर कशाला खपवता?" पोरगा तेव्हा चाळिशीला आला होता. आम्ही सगळे त्याला धाकटा म्हणायचो.

बाईंनी फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येई. धरणावर सतत पाण्याचा गोंगाट, त्यामुळे त्याला ओरडून बोलायची सवयच लागली होती.

"ताई, इथे पाणी वेगळं दिसतंय. रंग बदललाय. अन् झाडं येतायत वाहत. मुळासकट."

"पाऊस?"

"माझ्या डोक्यावर भुरभुर. वर डोंगरापलीकडे काय चाललंय मला काय दिसणार? तुमचा कागद काय म्हणतो?"

"अकरा."

"अकरा मिलिमीटरच्या पाण्यात झाडं येतात होय?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, ऑफिसचं राहू दे बाजूला. बहीण म्हणून सांग. उघडू का थांबू?"

बाईंनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. त्या मनात काय गुणत होत्या ते मला तेव्हाच कळलं होतं, कारण तो हिशेब त्यांनीच मला शिकवला होता.

"तिप्पट धरलं तरी तेहतीस," त्या म्हणाल्या. "चाळीसच्या आत आहे. थांब."

"थांबतो मग. तू म्हणतेस तर." तो हसला. "आणि रविवारी येणार का, असं तुझी वहिनी विचारतेय. ये. पण मागच्या वेळची बिस्किटं आणू नकोस. नुसती दमट. इथला कुत्राही हुंगून गेला."

"तुझा कुत्रा तुझ्यासारखाच लाडावलाय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. तरी फोनवरचा हात त्यांनी लगेच काढला नाही.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर रडार होतं. पांढऱ्या घुमटात फिरणारी ती थाळी चहूकडे लहरी सोडायची आणि पावसाच्या थेंबांवर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून कुठे किती पाऊस पडतोय ते दाखवायची. दुसरं चित्र वरून यायचं, उपग्रहाकडून. त्यात पाऊस दिसत नसे, ढगांचे फक्त माथे दिसत. माथा जितका पांढरा, तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असा अंदाज. रडार खालून पाहायचं आणि उपग्रह वरून. दोघांच्या साक्षी जुळवून खरं काय ते काढायचं, हे बाईंचं काम. सव्वीस वर्षं त्या ते हाताने करत होत्या. मोठ्या कागदावर चौकोन आखलेले असत. पातळ कागदावर उतरवलेलं रडारचं चित्र त्यावर ठेवायचं, त्यावर उपग्रहाचं ठेवायचं, आणि चौकोनाचौकोनात आकडा लिहायचा.

पण पूर्वेला डोंगर होता. रडारच्या लहरी त्याच्यावर आपटून तिथेच संपत. डोंगरामागचे चौदा चौकोन रडारला कधीच दिसत नसत, आणि धरणात येणारं पाणी बहुतेक त्याच चौदा चौकोनांतून येई. तिथे बाई पेन्सिलीने फुली मारत. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं.

"फुली म्हणजे काय?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं.

"पाऊस नाही."

"चूक. पाऊस नसला की शून्य. फुली म्हणजे आपण पाहिलंच नाही. पाहिलं नाही आणि पडलं नाही, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने या खोलीत बसू नये. टपाल खात्यात जावं."

तिथे मग एकट्या उपग्रहावर भरवसा. तोही लबाड. डोंगराला घासून जाणारे ढग बुटके असतात, वरून मळकट करडे दिसतात. उपग्रहाला वाटतं, यांच्यात काय दम आहे! आणि तेच ढग कड्यावर तासन्‌तास ओततात. म्हणून तसले ढग असले की उपग्रहाचा आकडा तिप्पट करून बघायचा, हा बाईंचा स्वतःचा नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता. शिवाय खोऱ्यातल्या शाळेत पर्जन्यमापक होता, तिथले गुरुजी सकाळी फोन करत. त्या बुधवारी त्यांचा फोन आला नव्हता. आम्ही लावला, तर लाइन मेलेली.

नियम असा होता, की सहा तासांत डोंगरामागे सरासरी चाळीस मिलिमीटर पाऊस झाला असं आमच्या ऑफिसने कळवलं, की धाकट्याने दरवाजे उघडायचे. त्याआधी नाही. कारण दरवाजे उघडले की खालच्या वस्तीच्या काठावरचं सगळं पाण्यात जाई. आदल्या वर्षी बाईंनी पेन्सिलीने पंचावन्न लिहिले, दरवाजे उघडले गेले, आणि पाऊस निघाला पंचवीस. वस्तीतल्या भट्टीवरच्या कच्च्या विटांचा चिखल झाला, चार गुरं वाहून गेली. बाईंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. "रोज वाचते," त्या म्हणत. "पाठ झाली की काढीन."

त्यानंतर कम्प्युटर आला. साहेब तरुण होते, शिकून आलेले, मनाने वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं, दोन्ही चित्रांचे आकडे टाइप करायचे, जुळवणी कम्प्युटर करील. पेन्सिल बंद. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी तेवीस वर्षांची होते, नोकरीला आठ महिने झालेले, घरी माझ्या पगारावर पाच माणसं.

त्या सोमवारपासून कम्प्युटर खऱ्या कामाला लागला होता.

साडेदहाला रडारचं नवं चित्र आलं. बाई ते खिडकीशी घेऊन गेल्या. बाहेर आमच्या गावात पाऊस असा नव्हताच. रस्त्यावर एक माणूस छत्री मिटून काखेत मारून चालला होता. आकाश मात्र खाली आलं होतं, आणि पूर्वेला डोंगर असतो तिथे काहीच नव्हतं. नुसता करडा रंग.

"नवे, इकडे ये. हे बघ."

मी पाहिलं. पश्चिमेकडून पावसाचा जाड पट्टा येत होता आणि डोंगरापाशी कात्रीने कापल्यासारखा संपत होता.

"सकाळी सहाचं काढ." मी काढलं. "सातचं. आठचं." सगळी त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. पट्टा तिथेच होता. साडेचार तास जागचा हललेला नव्हता.

"हे सगळं पाणी डोंगराकडे चाललंय साडेचार तास," बाई म्हणाल्या. "मग डोंगराशी येऊन ते जातं कुठे?"

 मी तो कापलेला पट्टा बोटाने चाचपून पाहिला.

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं.

"बाई, कम्प्युटर अकरा म्हणतोय. तुम्ही काय म्हणता?"

"मला तो अकरा पटत नाही."

"का पटत नाही?"

"आकडा सांगता येणार नाही. पण पटत नाही."

"मागच्या वर्षीही पटलं नव्हतं." साहेब हे खोचून बोलले नाहीत, हळूच म्हणाले. "बारा वाजता उपग्रहाचं पुढचं चित्र येईल. तेवढं पाहू. मग मी स्वतः सही करतो."

बाई परत आल्या. बसल्या नाहीत. काचेखालच्या ताकीदपत्राकडे पाहत उभ्या राहिल्या. मग उपग्रहाचा सकाळचा कागद घेऊन चौदा चौकोनांतले आकडे पेन्सिलीने मिळवायला लागल्या. बंदी घातलेली पेन्सिल. दोनदा मिळवले. मग मान वर केली.

"एकट्या उपग्रहाची सरासरी बावीस येते. तुझा कम्प्युटर अकरा कसा म्हणतो?"

मी पुढ्यातले कागद चाळायला लागले.

"बावीसचे बरोबर निम्मे अकरा. निम्मे कशाने झाले?" त्या माझ्या टेबलाशी आल्या. "डोंगरामागच्या चौकोनांत रडारच्या रकान्यात तू काय भरतेस?"

"बाई..."

"रिकामं ठेवतेस ना? साहेबांनी तुला माझ्यासमोर सांगितलंय, रिकामं ठेवा, त्याला कळतं, तो ते सोडून देतो."

"रिकामं ठेवलं की तो पुढे जात नाही. अडून बसतो. पिप पिप करतो." मी कीबोर्डाकडे बोट केलं. "मी साहेबांना विचारायला गेले होते. ते म्हणाले, आधी पुस्तक वाचा, मग विचारा. पुस्तक मला समजलं नाही. मग मी शून्य दाबून पाहिलं. तर गेला पुढे."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

रडारने पाहिलं आणि तिथे पाऊस नाही, असं मी तीन दिवस दर तासाला चौदा वेळा लिहीत होते. त्या शून्यात आणि उपग्रहाच्या आकड्यात कम्प्युटर इमानाने सरासरी काढत होता. बाईंनी सकाळी अकराची तिप्पट केली, तेहतीस आले. खरी करायला हवी होती बावीसची. सहासष्ट.

बाईंनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. मग फोनकडे गेल्या. साहेबांना विचारलं नाही.

"सगळे उघड," धाकट्याने उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाचही उघड. सकाळी सहासष्ट होते. आता शंभराच्या पुढे गेले असतील."

"लेखी?"

"लेखी मागून येईल. मी सांगतेय."

"ताई म्हणून की ऑफिस म्हणून?"

"दोन्ही."

पलीकडे पाणी ऐकू येत होतं. सकाळपेक्षा जाड आवाज.

"मग मघाशी अकरा कसे?"

"चुकलं."

"कुणाचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीला धरून उभी होते. "माझं," त्या म्हणाल्या.

"बरं," धाकटा म्हणाला. "वीज गेलीय इथली. हाताने फिरवावे लागतील. एका दाराला निदान अर्धा तास. खालच्या वस्तीत भोंगा द्यायला माणसं पाठवतो, म्हणजे इथे उरलो मी आणि वॉचमन. आणि तो वॉचमन तुला माहीतच आहे, चहाचा कप उचलताना त्याला धाप लागते."

"तुझ्या बायकोला आधी वर पाठव."

"पाठवतो. जाणार नाही ती. तू सांगितलंस म्हणून सांगतो."

साहेब दारात येऊन उभे होते. बाईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, आणि ते सांगताना माझं नाव घेतलं नाही. "चौदा चौकोनांत शून्य गेलंय, साहेब. सोमवारपासून."  साहेब तिथेच बसले आणि लेखी आदेश स्वतःच्या हाताने लिहायला लागले. त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदा खाडाखोड पाहिली.

बाराचं चित्र आलं. डोंगरावर तोच मळकट करडा ढग. वरून पाहिलं तर निरुपद्रवी.

एक वाजता धाकट्याचा फोन आला. दोन दरवाजे पूर्ण उघडले होते, तिसऱ्याला हात लावला होता. वस्ती चढावरच्या रस्त्याला लागली होती. वहिनी वर गेल्या होत्या, भांडून. "आता ठेव ताई," तो म्हणाला. "हात लागतोय कामाला. बोलत बसलीस तर चौथा तुला येऊन उघडावा लागेल."

"मागे पाहत राहा. मातीचा बांध बघ."

"बघतोय गं."

दोन वाजता बाईंनी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. अडीचला लावला, तेव्हा वाजलाही नाही. त्यानंतर त्यांनी लावला नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून त्या बसून राहिल्या. मी पुढ्यात चहा ठेवला. त्यावर साय धरली, मी तो उचलला, दुसरा ठेवला.  आमच्या रस्त्यावर ऊन पडलं होतं.

चार वाजता धरणाकडून आलेल्या शिपायाच्या बुटांचा आवाज पायऱ्यांवर आला. साहेब उठून पुढे झाले, पण बाई आधीच उभ्या राहिल्या होत्या.

तिसरा दरवाजा पूर्ण उघडला होता. चौथा निम्मा. मग दरवाज्यांच्या बाजूचा मातीचा बांध खचला आणि त्याबरोबर दरवाजे फिरवायची यंत्राची खोली गेली, धाकट्यासकट. तीन दरवाज्यांमुळे बांध पाऊण तास जास्त टिकला, असं पुढे चौकशीत निघालं. त्या पाऊण तासात वस्तीतली शेवटची माणसं चढावर पोचली. वॉचमनला धाकट्याने शेवटच्या दहा मिनिटांत हाकलून दिलं होतं. "मला म्हणाला, तुझी धाप ऐकून मला काम सुचत नाही," असं तो रडत सांगायचा.

चौकशीला तीन माणसं आली. लांब टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाई, आणि बाईंच्या मागे भिंतीशी मी. मधल्याने सोमवार ते बुधवारचे कागद पुढे सरकवले.

"ही शून्यं कुणी भरली?"

"कागद माझ्या विभागाचा आहे. खाली सही माझी आहे."

"म्हणजे तुम्ही भरली?"

"सही माझी आहे," बाई पुन्हा म्हणाल्या.

माझे हात पाठीमागे होते.  घरची पाच माणसं माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभी राहिली, आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मधल्याने काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

बाहेर जिन्यात मी त्यांचा हात धरला. "मी परत आत जाते, बाई. सांगते."

"काय सांगशील? तू विचारायला घाबरलीस आणि मी बघायला चुकले. तीन दिवसांत एकदा तुझ्या मागे येऊन उभी राहिले असते तर दिसलं असतं. मला त्या डब्याचा राग होता, म्हणून मी फिरकले नाही." त्यांनी हात सोडवून घेतला. "यातलं मोठं कोणतं ते मापत बसू नकोस. कामाला लाग."

बाईंना मुदतीआधी घरी बसवलं. साहेबांची दूर बदली झाली. पुढे ते फार वर चढले, आणि दुसरीकडे कुठेतरी त्यांनी असा नियम करून घेतला, की न दिसलेल्या चौकोनाचा आकडा वेगळाच असावा, शून्यात कधी मिसळू नये असा. तो नियम का झाला हे तिथे कुणाला माहीत नसेल. ते गेल्याचं मी पेपरात वाचलं. वॉचमन बरीच वर्षं जगला, नव्या धरणावर लागला. गुरुजींचा पर्जन्यमापक शाळेबरोबर वाहून गेला. गुरुजी मुलांना घेऊन आधीच टेकडीवर गेले होते, म्हणून वाचले. खालची वस्ती वरच्या उतारावर वसली. तिथल्या चौकाला धाकट्याचं नाव आहे. बाईंचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नाही. मी त्याच खोलीत बत्तीस वर्षं काढली आणि प्रमुख होऊन निवृत्त झाले. हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीच्या मागे मी दिवसातून दोनदा जाऊन उभी राहायचे. माझ्या पाठीमागे त्या मला पहारेकरीण म्हणत.

वहिनी वर्षभर बाईंशी बोलल्या नाहीत. सकाळी अकरा सांगणारी कोण आणि थांब म्हणणारी कोण, हे बाईंनी त्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं होतं. वर्षाने एक दिवस त्या ट्रंक घेऊन बाईंच्या दारात आल्या. "माझ्या भावाच्या घरची भाकरी तोंडात फिरते," म्हणाल्या. "सरका जरा." पुढची सतरा वर्षं दोघी एका घरात राहिल्या, भांडल्या, एकमेकींची औषधं विसरल्या. आधी बाई गेल्या. वहिनी चार वर्षांनी.

बाई असताना मी शेवटची गेले ते पावसाळ्यात. बाई खिडकीशी बसल्या होत्या. कान गेलेले, डोळे बरे होते. खिडकी सताड उघडी, पाऊस तिरपा आत येत होता, त्यांची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"लावू का?" मी विचारलं.

"नका लावू," वहिनी म्हणाल्या. "पाऊस असला की त्या लावू देत नाहीत. म्हणतात, दिसलं पाहिजे." त्या फरशीवर उकिडव्या बसून पाणी टिपत होत्या. बादलीत पिळत होत्या, पुन्हा टिपत होत्या. साठीला टेकलेली बाई.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते झालं, आणि मी म्हटलं, "वहिनी, ती शून्यं माझ्या हातची होती."

त्यांचा हात थांबला. पाऊस आत येतच होता. बाईंना ऐकू गेलं नव्हतं. त्या बाहेर पाहत होत्या.

वहिनींनी बादलीच्या काठावरचं दुसरं फडकं उचललं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं.

"तिकडून घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "पलंगाखाली जातंय."